कोल्हापुरात घरच्या विहिरीच्या पाण्यासाठी परवानाधारक कंत्राटदार कसा निवडावा?

तुम्ही लिहिलंय की पाचगावात घर घेतलंय, आवारात जुनी विहीर आहे, साबणाला फेस येत नाही, गिझरची कॉइल वर्षभरात पांढरी होते. सॉफ्टनर (पाण्याचा कठीणपणा काढणारं यंत्र) अधिक आरओ (पडद्यातून गाळून पाण्यातले क्षार काढणारं यंत्र) असं दीड लाखाचं कोटेशनही हातात आहे. आणि तुम्हाला परवाना असलेलाच माणूस हवाय.

आधी परवान्याचं बोलू. कॅलिफोर्नियात पाणी शुद्धीकरणाची यंत्रणा बसवायला सी-५५ नावाचं स्वतंत्र लायसन असतं. घरगुती सॉफ्टनर बसवणाऱ्यासाठी आपल्याकडे तसा वेगळा परवाना नाही. नगरपालिका-महापालिकांचा परवानाधारक प्लंबर असतो, तो नळ कनेक्शनसाठी. मोटार-पॅनेलच्या वायरिंगला लायसनवाला इलेक्ट्रिकल कंत्राटदार असतो, तो जरूर घ्या. पण 'आम्ही सर्टिफाइड आहोत' म्हणून कुणी आयएसओ ९००१ ची फ्रेम दाखवली, तर ते प्रमाणपत्र त्यांच्या कारभाराच्या पद्धतीचं आहे, तुमच्या पाण्याचं नाही. त्यामुळे माणूस पारखायचा तो कागदावर नाही, तुमच्या पाण्याच्या अहवालावर तो काय बोलतो त्यावर.

म्हणून कुणालाही आगाऊ रक्कम देण्याआधी पाणी तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा जिल्ह्यात आहे, किंवा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली खासगी लॅब गाठा. दोन नमुने लागतात. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ कॅन चालतो, तो त्याच पाण्याने दोन-तीनदा खळबळून भरायचा. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली मात्र लॅबकडूनच आणायची, आत बोट न लावता भरायची, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. कंपनीचा माणूस खिशातलं टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटर बुडवून जे करतो त्याला तपासणी म्हणत नाहीत. त्या मीटरला नायट्रेट कळत नाही आणि जंतू तर नाहीच नाही.

अहवाल आला की आयएस १०५०० या भारतीय मानकाशी ताडून बघा. टीडीएस ५०० आणि कठीणपणा २०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत ठीक. दुसरा स्रोतच नसेल तर अनुक्रमे २००० आणि ६०० पर्यंत चालवून घेतात. नायट्रेट ४५ च्या वर गेलं तर तिथे सवलत नाही. आपल्याकडे उसाला युरिया भरपूर पडतो आणि शोषखड्डेही विहिरीच्या जवळच असतात, तेव्हा हा आकडा आवर्जून बघा. घरात तान्हं बाळ असेल तर आधी हाच बघा. नायट्रेट उकळून जात नाही, पाणी आटतं तसं उलट वाढतं. १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय एकही असता कामा नये.

आता विक्रेते करून दाखवतात त्या ग्लासच्या प्रयोगाविषयी, कारण तो तुमच्याही घरी होणार. एका ग्लासात विहिरीचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. दोन्हीत सळ्यांचं उपकरण बुडवून प्लग लावतात. मिनिटभरात विहिरीच्या पाण्यावर तांबूस-हिरवट साय धरते, आरओचं जवळपास तसंच राहतं, आणि घरातल्या बायका-पोरं हादरतात. ती घाण पाण्यातली नाही, लोखंडी सळईची आहे. क्षारांमुळे पाण्यातून वीज वाहते आणि सळई विरघळते. आरओच्या ग्लासात दोन चिमटी मीठ टाकून प्रयोग परत करायला सांगा, तेही पाणी तसंच होईल. लोकांच्या जिवाची भीती घालून माल विकणं मला अजिबात पटत नाही. असा माणूस दारातूनच परत पाठवा.

चांगल्या माणसाला मी एक प्रश्न हमखास विचारतो: सॉफ्टनर बसवल्यावर टीडीएस किती उतरेल? खरं उत्तर 'उतरणार नाही' हे आहे. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेतो आणि त्या जागी सोडियम सोडतो. एकूण क्षार जवळपास तेवढेच राहतात, जंतूही तसेच. गिझर वाचतो, साबणाला फेस येतो, एवढंच त्याचं काम.

मग त्याला हिशेब मांडायला सांगा. समजा कठीणपणा ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे आणि घरात रोज ७०० लिटर पाणी लागतं. म्हणजे रोज ३५० ग्रॅम कठीणपणा काढायचा. एक लिटर रेझिन (सॉफ्टनरच्या भांड्यातले कठीणपणा धरून ठेवणारे बारीक मणी) साधारण ५० ग्रॅम काढतं, म्हणून २५ लिटर रेझिनचं भांडं साडेतीन दिवस चालेल. मग मिठाच्या पाण्याने धुवायचं, दर खेपेला साडेतीन-चार किलो मीठ. महिन्याला किती पोती लागतील ते तिथेच कळतं. ज्याला हा हिशेब कागदावर मांडता येत नाही, तो भांड्याचा आकार अंदाजाने सांगतोय. पाण्यात लोह असेल तर ते आधी काढायला हवं, नाहीतर रेझिन खराब होतं. हे त्याने न विचारता सांगितलं तर माणूस जाणकार आहे असं समजा.

धुतलेलं खारं पाणी कुठे सोडणार, हेही आधीच ठरवा. विहिरीच्या कडेला किंवा बागेत नको. शिरोळकडची क्षारपड रानं बघितलेल्या माणसाला काळ्या जमिनीत सोडियम काय करतो हे सांगायला नको.

आरओ फक्त पिण्यापुरता, तोही टीडीएस किंवा नायट्रेट खरोखर जास्त असेल तरच. अख्ख्या घराला आरओ लावून निम्मं पाणी गटारात घालवू नका. अहवालात फक्त जंतू निघाले, तर आधी विहिरीकडे बघा. कठडा फुटलाय का, पावसाचं पाणी आत उतरतं का, शोषखड्डा किती लांब आहे? हे गवंड्याचं काम आहे, यंत्राचं नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नदीकाठच्या ज्या विहिरी बुडाल्या, त्यांना तर आधी उपसा, गाळ काढणं आणि निर्जंतुकीकरण, बाकी सगळं नंतर. एरवी हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर पुरते. ती बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळीच विहिरीत सोडायची. चुना आत गेला की कठीणपणा आणखी वाढतो. तासाभराने ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते दाखवणारी थेंबांची चाचणी) करून पिवळा रंग येतो का ते बघायचं.

माझ्या मते तुमच्या दीड लाखातला मोठा भाग वाचेल, पण ते अहवाल आल्यावरच नक्की सांगता येईल. काम द्याल तेव्हा रेझिन किती लिटर, व्हॉल्व्ह कुठल्या कंपनीचा, देखभालीचा वर्षाचा खर्च किती, हे जीएसटीच्या कोटेशनवरच लिहून घ्या. आणि एक अट घाला: यंत्रणा सुरू झाल्यावर निघणारं पाणी त्याच लॅबमध्ये परत तपासायचं, ठरलेला आकडा आला तरच शेवटचे वीस टक्के द्यायचे. या अटीला जो आढेवेढे घेईल, त्याला काम देऊ नका.