२००८ ची डिझेल पिकअप सकाळी लवकर सुरू होत नाही, चढाला काळा धूर टाकते. इंजिन काम करावं की पंप वाढवून घ्यावा?

तुम्ही दिलेली माहिती अशी: अडीच लिटरचं टर्बो इंजिन, साधा मेकॅनिकल पंप, दोन लाख ऐंशी हजार किलोमीटर. सकाळी सात-आठ वेळा सेल्फ मारावा लागतो, मग पांढरा धूर टाकत सुरू होते आणि दिवसभर एका सेल्फला घेते. भरलेली असली की माळशेजच्या चढाला दम तोडते, मागे काळा धूर. एक मिस्त्री म्हणतो इंजिन काम करा (म्हणजे इंजिन खोलून दुरुस्त करा), दुसरा म्हणतो डिझेल पंपाचा स्क्रू थोडा वाढवून देतो, म्हणजे डिझेल जास्त जाईल. शिवाय मागे स्प्रिंगचे दोन पाटे वाढवायचे आणि हेडलाइटला एलईडी टाकायचे, हेही तुमच्या मनात आहे.

तुमच्या दोन्ही मिस्त्र्यांनी एकही नळी सोडवून न बघता निदान सांगितलेलं दिसतंय. मी तुमच्या जागी असतो तर पंपाला आणि इंजिनाला सगळ्यात शेवटी हात लावू दिला असता. या गाडीत मुळात जी ताकद होती ती कुठे गळतेय ते आधी शोधा, वाढवायचं काय ते नंतर बघू.

हे मी पैसे घालवून शिकलोय. माझी पिकअप टोमॅटोवर चालते. हंगामात संध्याकाळी नारायणगावात वीस-वीस किलोचे क्रेट भरायचे आणि ओतूर, माळशेज, मुरबाड करत पहाटे कल्याण गाठायचं. तीन वर्षांपूर्वी माझ्या गाडीला हाच सकाळचा आजार लागला. पंप उतरवून कॅलिब्रेशनला (डिझेलचं माप जुळवायला) दिला. बसवल्यावर पहिला दिवस मस्त, कारण बसवताना डिझेलच्या नळ्यांतली सगळी एअर काढलेली असते. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) बदलले. मग पंप दुसऱ्यांदा उतरवला. शेवटी निघालं काय, तर टाकीकडून येणारी रबरी नळी चॅसीच्या कडेला घासून तिला केसाएवढी चीर गेली होती. खाली डिझेलचा एक थेंब पडत नव्हता, म्हणून तिकडे कुणी बघितलंच नाही.

थेंब पडणार तरी कसा? टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या भागात डिझेल ओढलं जातं. तिथे चीर पडली की डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. रात्री गाडी उभी राहिली की हवेला वाट मिळाल्यामुळे नळीतलं डिझेल हळूहळू परत टाकीत उतरतं आणि सकाळी सेल्फ मारताना पंप रिकामी नळी ओढत बसतो. एकदा भरली की दिवसभर तक्रार नाही. तुमचं वर्णन याला अगदी जुळतंय.

फुकटची तपासणी उद्या सकाळीच करा. सेल्फ मारायच्या आधी डिझेल फिल्टरजवळचा हँड पंप दाबून बघा. नळी भरलेली असेल तर दोन-चार दाबांत तो कडक होतो. पंचवीस-तीस वेळा पोकळ दाबला गेला आणि मग गाडीने एका सेल्फला घेतलं, तर निम्मं निदान झालं.

त्याहून पक्की म्हणजे कॅनची तपासणी. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये गाळून डिझेल घ्या आणि कॅन फिल्टरपेक्षा उंचावर नीट बांधा. टाकीकडून येणारी नळी सोडवून तिच्या जागी कॅनची पारदर्शक नळी जोडा. एअर काढा, संध्याकाळी एक फेरी मारा आणि गाडी तशीच कॅनवर ठेवून बंद करा. सकाळी पहिल्या सेल्फला सुरू झाली तर सकाळच्या त्रासापुरते पंप, नोझल आणि इंजिन तिघंही निर्दोष, दोष टाकी ते कॅनची नळी जोडली त्या जागेदरम्यान. कॅन उंचावर असल्याचा आणखी एक फायदा आहे. आता डिझेल वजनाने खाली येतंय, त्यामुळे कॅनपासून पंपापर्यंत जिथे कुठे जोड सैल असेल तिथे हवा आत न जाता डिझेल बाहेर पाझरेल आणि चोर डोळ्यांना दिसेल.

बहुतेक वेळा चोर चार ठिकाणी सापडतो: टाकीतल्या ओढनळीचं तोंड, रबरी नळ्या आणि त्यांचे क्लिप, फिल्टरच्या वरचं रबर, आणि बॅन्जो बोल्टखालचे (नळी जोडायच्या पोकळ बोल्टखालचे) तांब्याचे वॉशर. वॉशर एकदा दाबला गेला की कडक होतो. काहीजण तो लाल होईपर्यंत तापवून मऊ करतात आणि परत लावतात. चालतो, पण चहाच्या किमतीत नवा येत असताना कशाला?

जुन्या गाड्यांच्या रबरांचं आणखी एक दुखणं आहे. तुमची गाडी आली तेव्हा गावाकडे मिळणाऱ्या डिझेलमध्ये ५०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ५०० भाग) गंधक चालायचं. एप्रिल २०१७ पासून देशभर ५० झालं, एप्रिल २०२० पासून १०. हवेसाठी चांगलंच झालं. पण गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचे बाकीचे गुणही बदलतात. जुन्या डिझेलमध्ये फुगून बसलेली वर्षानुवर्षांची रबरं नव्या डिझेलमध्ये आकसतात आणि जोड सुटे होतात. वंगणाचं म्हणाल तर तो गुणही कमी होतो, पण त्याची भरपाई रिफायनरीतच केलेली असते, त्यामुळे टाकीत टू-स्ट्रोक ऑइल ओतायच्या सल्ल्याकडे मी लक्ष देत नाही. पंप कधी उघडलाच तर मात्र व्हायटॉनच्या (डिझेलमध्ये टिकणाऱ्या) रबरांचा किट मागा. गावाकडचे मेकॅनिक या पंपाला अजून ‘मायको’च म्हणतात. त्या कंपनीचं नाव २००८ सालीच बॉश झालं, तुमच्या गाडीच्या जन्मवर्षी.

कॅनवरही सकाळी त्रास झालाच, तर पुढे जा. आधी बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवी आणि सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जायला नको. डिझेल पेटतं ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेने, आणि इंजिन हळू फिरलं की ती उष्णता तयारच होत नाही. बॅटरी चांगली असूनही सेल्फ जड वाटत असेल तर इंजिन आणि चॅसी यांच्यामधली अर्थची पट्टी बघा. ती गंजलेली असते आणि बदलतात सेल्फ. तुमच्या इंजिनाला हीटर प्लग (सुरू करण्याआधी आत गरम करणारे) असतील तर तेही एकेक तपासा.

पांढऱ्या धुराचा वास घ्या. डोळे झोंबत असतील तर ते न जळलेलं डिझेल आहे, त्याला वरची कारणं. झोंबत नसेल, गोडसर वास असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्या.

इंजिन कामाचा विषय त्यानंतर. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण काढून बघा. थोडी वाफ सगळ्याच जुन्या इंजिनांना येते. भकाभका हवा मारत असेल, ऑइलचे शिंतोडे उडत असतील, ऑइल पीत असेल आणि धुरात निळी झाक असेल, तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरमधला दाब पिस्टनच्या कडेने खाली गळतोय. तरीही गेज लावून चारही सिलिंडर मोजून घ्या आणि आकडे कागदावर लिहून मागा. आकडे न दाखवता इंजिन खोलणाऱ्याकडे गाडी सोडू नका. डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढत असेल तर गाडी तिथेच थांबवा, ऑइलमध्ये डिझेल किंवा पाणी मिसळतंय.

आता चढाचा काळा धूर. यात एक गोष्ट लक्षात ठेवली की अर्धे मेकॅनिक तुम्हाला फसवू शकत नाहीत. ताकद कमी आणि धूर काळा, म्हणजे डिझेल पोचतंय पण हवा कमी पडतेय. ताकद कमी आणि धूर नाही, म्हणजे डिझेलच कमी पडतंय. तुमचा पहिला प्रकार आहे. अशा गाडीचा पंप वाढवायचा म्हणजे ज्याला श्वास घेता येत नाही त्याच्या तोंडात आणखी दोन घास कोंबायचे.

म्हणून एअर फिल्टर काढून उन्हात धरा. मग टर्बोपासून इंजिनाकडे जाणाऱ्या जाड रबरी नळ्या हाताने पिळून बघा, विशेषतः खालची बाजू, जी वरून दिसत नाही. उभ्या गाडीत चीर मिटलेली असते, चढाला दाब आला की उघडते. तिथे ऑइलमिश्रित काळी धूळ चिकटलेली असेल तर तीच खूण. चढाला शीळ घातल्यासारखा किंवा फुसफुसल्याचा आवाज येतो का, तेही ऐका. नळ्या ठीक असतील तर टर्बोचा शाफ्ट बोटांनी हलवून बघा (इंजिन थंड आणि बंद असताना). किंचित खेळ चालतो, पण पंख्याची पाती घराला घासत असतील तर टर्बो गेला. त्यानंतर वेस्टगेट (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणारी झडप) आणि शेवटी नोझल.

नोझल तपासताना एक इशारा. चालू इंजिनात एकेक पाइपचा नट ढिला करून कुठला सिलिंडर कमजोर आहे ते ओळखायची रीत जुनी आहे आणि तुमच्या साध्या पंपावर जाणकार माणूस ती करतो. कॉमन रेलच्या (नव्या पद्धतीच्या, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या डिझेल इंजिनाच्या) गाडीवर हे चुकूनही करू नका. तिथे दाब हजार बारच्या वर जातो. ती चिळकांडी कातडी फोडून आत जाते, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट कापायची वेळ येते. गळती शोधायला पुठ्ठा धरा, हात नाही. साध्या पंपालाही हाच नियम.

एवढं करूनही कुणी स्क्रू वाढवायला निघालाच, तर त्याला विचारा, धुराड्याचं तापमान कसं मोजणार? पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. भरल्या गाडीत लांब चढाला जादा डिझेल जळत राहिलं की पिस्टनचं डोकं त्या वाटेला लागतं. सपाटीवर दोन किलोमीटरच्या ट्रायलमध्ये यातलं काही कळत नाही, तिथे गाडी फक्त ‘पळायला लागली’ असं वाटतं.

पाट्यांबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. मोडलेला किंवा बसलेला पाटा बदलून मूळचा सेट घाला, जरूर घाला. जादा पाटे घालू नका. अनेक पिकअपना मागच्या ॲक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो, तो हौदा किती दबलाय त्यावरून मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. जादा पाट्यांमुळे भरलेली गाडीसुद्धा उंच राहते, व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि मागचा ब्रेक कमी लागतो. म्हणजे वजन वाढवलं आणि ब्रेक घटवला, तेही माळशेज उतरताना. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला वीस हजार आणि वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार दंड आहे, ते वेगळंच.

मग पैसे घालायचे कुठे? सगळ्यात आधी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) आहे का ते बघा. गाडी तापते म्हणून तो काढून फेकायची आपल्याकडे सवयच आहे. तो नसला की इंजिन थंडीत नीट तापत नाही, डिझेल जास्त खातं आणि सकाळचा धूर लांबतो. गाडी तापायचं खरं कारण बहुधा बोअरच्या पाण्याने क्षार धरलेला रेडिएटर किंवा न पकडणारा पंखा असतं. दुसरं, डॅशबोर्डवर बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) आणि तापमानाचे गेज बसवा. नळी फाटली तर ओतूर सोडायच्या आत कळेल. तिसरं, हेडलाइटला रिले आणि जाड वायर. जुन्या वायरिंगमध्ये व्होल्टेज वाटेतच मरतं. रिले घातल्यावर साधा हॅलोजन इतका उजेड देतो की एलईडीची आठवण होत नाही. साध्या रिफ्लेक्टरमध्ये कोंबलेला एलईडी समोरच्याचे डोळे दिपवतो, आणि तुमच्या गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं, तिथे तो नजरेत येतो.

कॅन लावताना इंजिनाकडून टाकीत परत जाणारी नळीसुद्धा कॅनमध्येच सोडा. मी विसरलो होतो. कॅन रिकामा झाला आणि गाडी बंद पडली, तीही बरोबर टोलनाक्यावर. सकाळी हँड पंप किती दाबांनी कडक झाला ते इथे लिहा, मग पुढचं सांगतो.