वाचकांचे प्रश्न : स्वादुपिंडाचा मृत भाग आणि दुर्बिणीचा उपचार

प्रश्न : माझा धाकटा भाऊ 41 वर्षांचा आहे. पित्ताशयातील खड्यामुळे त्याच्या स्वादुपिंडाला सूज आली आणि गेले सोळा दिवस तो रुग्णालयात आहे. सीटी स्कॅन पाहून डॉक्टरांनी सांगितले की, स्वादुपिंडाचा बराच भाग मृत झाला असून भोवती द्रव साठला आहे. अधूनमधून ताप येतो, नाकातल्या नळीवाटे अन्न देतात, आणि 'अजून दोन आठवडे थांबू, मग दुर्बिणीने पाहू' एवढेच ऐकायला मिळते. साताऱ्याहून आलेले मामा म्हणतात, पोट उघडून एकदाच सगळे साफ करून घ्या. आम्ही रोज काचेतून त्याला पाहतो आणि परत येतो. डॉक्टर काहीच करत नाहीत, असे वाटू लागले आहे. जठराला भोक पाडून सडलेला भाग काढतात म्हणजे नेमके काय करतात? ते भोक पुढे तसेच राहते का?
– एक वाचक भगिनी, विक्रोळी

उत्तर : ताई, काचेपलीकडे आपला माणूस झोपलेला असताना 'थांबा' हा शब्द किती जड जातो, हे मी जाणतो. तरीही सर्वांत आधी हेच सांगतो की, या आजारात थांबणे हा उपचाराचाच भाग आहे. रोज त्याचा रक्तदाब, श्वास, लघवीचे प्रमाण आणि रक्ताचे अहवाल पाहिले जात असतील, तर डॉक्टर काहीच करत नाहीत असे समजू नका.

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवे असते. त्याचा पाचकरस आणि यकृताकडून येणारे पित्त लहान आतड्यात बहुधा एकाच तोंडातून उतरते. पित्तखडा त्या तोंडाशी अडकला की, आतड्यात पोहोचून कामाला लागायचा तो रस स्वादुपिंडातच कामाला लागतो आणि ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. बहुतेकांची सूज सलाइन आणि वेदनाशामकांवर आठवड्याभरात ओसरते. मात्र काहींमध्ये ग्रंथीच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडतो आणि तो भाग मरतो. तिथे रक्तच पोहोचत नसल्याने प्रतिजैविकेही नीट पोहोचत नाहीत, आणि आतड्यातील जंतू तिथे ठाण मांडू शकतात. तुमच्या भावाचा ताप याच शंकेने तपासला जात असणार.

आपल्याकडे कच्चे गळू फोडू नये म्हणतात. ते पिकेपर्यंत पोटीस बांधतात, आणि तोंड धरल्यावरच चीर देतात. इथेही तसेच आहे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मेलेला आणि जिवंत भाग एकमेकांत असे गुंतलेले असतात की, एक ओढायला जावे तर दुसरा फाटतो आणि रक्तस्राव आवरत नाही. साधारण चार आठवड्यांनी शरीर त्या साठ्याभोवती स्वतःच भिंत बांधते, आतला मृत भाग सैल होतो आणि द्रवात सुटा तरंगू लागतो. या आजाराचे प्रकार ठरवणाऱ्या, 2012 साली सुधारलेल्या अटलांटा वर्गीकरणातही चार आठवडे हीच सीमारेषा मानली आहे.

मामांचा सल्ला मायेपोटी आहे, आणि एके काळी शल्यचिकित्सकही हेच करत असत. ते बदलले ते अनुभवाने. नेदरलँड्समधील डॉक्टरांनी 2010 साली 88 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निम्म्यांचे पोट थेट उघडले होते, तर उरलेल्यांना आधी केवळ नळी घालून निचरा केला आणि गरज पडली तरच पुढची पायरी गाठली. मृत्यू किंवा गंभीर गुंतागुंत पहिल्या गटात 69 टक्के, तर दुसऱ्या गटात 40 टक्के निघाली. पायरी-पायरीने गेलेल्यांपैकी 35 टक्के रुग्णांचे तर नळीवरच भागले. 2021 साली त्याच देशातून आलेला अभ्यास तुमच्या प्रश्नाला अधिक जवळचा आहे. संसर्ग झालेला असूनही ज्यांचा निचरा भिंत तयार होईपर्यंत लांबवला, त्यांपैकी 39 टक्के रुग्ण प्रतिजैविकांवरच सावरले आणि त्यांना नळीसुद्धा लागली नाही. म्हणून थांबा म्हणणाऱ्या डॉक्टरांच्या बाजूने मी मनापासून उभा आहे.

आता प्रत्यक्ष काय करतात ते सांगतो. तोंडावाटे जठरात जी दुर्बीण उतरवतात, तिच्या टोकाशी सोनोग्राफीची सोय असते. जठराच्या भिंतीपलीकडचा साठा तिच्यातून दिसतो, मध्ये रक्तवाहिनी नाही हेही दिसते. मग त्याच जागी छिद्र पाडून जठर आणि साठा यांना जोडणारा धातूचा जाळीदार स्टेंट बसवतात. त्याचा आकार डमरूसारखा असतो. दोन्ही टोके रुंद असल्याने तो सरकत नाही, आणि मधला मार्ग साधारण दीड सेंटिमीटर रुंद असल्याने पू आणि द्रव जठरात वाहून येतो. अनेकांना एवढ्यानेच उतार पडतो. पडला नाही, तर काही दिवसांनी त्याच मार्गातून दुर्बीण थेट साठ्यात नेतात. आत करडे-काळपट, ओल्या चिंधीसारखे तुकडे असतात, काही सुटे, तर काही अजून भिंतीला चिकटलेले. तारेच्या फासात एकेक तुकडा धरून, हलकेच ओढून तो जठरात आणून सोडायचा, आणि पुन्हा आत जायचे. तासभर हेच चालते. जो तुकडा सहज सुटत नाही त्याला त्या दिवशी हात लावायचा नाही, दोन-चार दिवसांनी परत यायचे. असे कुणाला एकदा करावे लागते, कुणाला चार वेळा. या वेळी हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरतात, कारण हवेचा बुडबुडा रक्तात शिरला तर जिवावर बेतू शकते.

ते भोक राहत नाही. स्टेंट काढल्यावर जठराची भिंत आपोआप मिटते. पोटावर व्रण नसतो, आणि स्वादुपिंडाचा रस त्वचेवाटे महिनोन्महिने पाझरत राहण्याचा त्रासही बराच टळतो. 2018 सालच्या अभ्यासात हा पाझर दुर्बिणीच्या गटात 5 टक्के, तर शस्त्रक्रियेच्या गटात 32 टक्के रुग्णांना झाला. मृत्यूच्या प्रमाणात मात्र ठळक फरक दिसला नाही, हेही तुम्हाला माहीत असावे. दुर्बिणीतला सर्वांत मोठा धोका रक्तस्रावाचा. त्यामुळे हा उपचार जिथे होणार, तिथे शल्यचिकित्सक आणि रक्तवाहिनीत तार घालून रक्तस्राव थांबवणारे रेडिऑलॉजिस्ट रात्रीही मिळतात का, हे आजच विचारा. आयत्या वेळी अत्यवस्थ रुग्णाला मुंबईच्या रहदारीतून दुसरीकडे हलवण्याची पाळी येऊ नये.

कोणत्या वेळी थांबून चालत नाही, तेही सांगतो. रक्तदाब घसरू लागला, श्वास किंवा मूत्रपिंड साथ देईनासे झाले आणि संसर्ग प्रतिजैविकांनी आटोक्यात येत नसेल, तर चार आठवडे मोजत बसत नाहीत. तेव्हा बहुधा डाव्या कुशीतून, सोनोग्राफी किंवा सीटीच्या मदतीने नळी घालून पू काढतात. नाकातल्या नळीचे वाईट वाटून घेऊ नका. आतड्यात अन्न जात राहिले की आतड्याचे अस्तर शाबूत राहते आणि जंतूंना बाहेर पडायला वाव कमी मिळतो.

खर्चाचे तुम्ही विचारले नाही, पण तो प्रश्न घरात असणारच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत यातले काय बसते, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा. रुग्णालय धर्मादाय असेल तर निर्धन रुग्णांसाठी 10 टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी 10 टक्के खाटा सवलतीत राखीव असतात. उत्पन्नाचे कागद घेऊन तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. भाऊ बरा झाल्यावर, साठा जिरला की पित्ताशय काढून घ्यायला विसरू नका, नाहीतर पुढचा खडा पुन्हा हेच करील.

प्रश्न : मला असाच धातूचा स्टेंट बसवून दहा आठवडे झाले. चार आठवड्यांनी बोलावले होते, पण बरे वाटल्याने गावी गेलो. आता भूक चांगली लागते, दुखत नाही. स्टेंट काढायलाच हवा का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : हो, आणि हा अंक बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना फोन करा. साठा रिकामा झाला की पोकळी आकसते, आणि स्टेंटचे धातूचे टोक मागच्या भिंतीवर, तिथल्या रक्तवाहिन्यांवर घासू लागते. त्यातून अचानक मोठा रक्तस्राव होऊ शकतो. शिवाय जठराचे अस्तर स्टेंटवर वाढून तो आत गाडला जातो आणि काढणे अवघड होते. म्हणूनच तीन-चार आठवड्यांनी स्कॅन करून तो काढतात. तुम्हाला बरे वाटते आहे, याचा अर्थ त्याचे काम झाले आहे. स्वादुपिंडाची नलिका मध्येच तुटलेली आढळली, तर त्या जागी प्लॅस्टिकच्या बारीक नळ्या ठेवतात आणि त्या दीर्घकाळ राहू शकतात.

तोवर डांबरासारखी काळी शौच झाली, रक्ताची उलटी झाली किंवा उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी आली, तर वेळ ठरवण्यात न घालवता थेट तातडीच्या विभागात जा. सोबत घरी सोडतानाचा कागद न्या, कारण स्टेंट कधी आणि कोणता बसवला ते त्यावर लिहिलेले असते.