मिलिशियाला ‘शिबंदी’ म्हणावे का?

एका वाचकाचा प्रश्न आहे: अमेरिकेतल्या सुरुवातीच्या गावांविषयीचा मजकूर मराठीत आणताना ‘मिलिशिया’ला शिबंदी म्हणावे की स्वयंसेवक दल? आणि त्यांचा पोशाख ही वर्दी की गणवेश?

शिबंदी हा शब्द मला फार प्रिय आहे, पण तो इथे बसत नाही. मराठेशाहीतली शिबंदी म्हणजे किल्ल्यावर किंवा वसुलीसाठी पगारावर ठेवलेले शिपाई. मिलिशियातला माणूस एरवी शेतकरी, लोहार, दुकानदार, कवायतीपुरता शिपाई.

‘स्वयंसेवक दल’ने तर अर्थच उलटतो. १७९२च्या कायद्याने १८ ते ४५ वयाच्या प्रत्येक धडधाकट, स्वतंत्र गोऱ्या पुरुष नागरिकाचे नाव नोंदले जाई. त्याची इच्छा कोणी विचारत नसे. बंदूक, संगीन, चकमकीच्या दोन जादा गारगोट्या, निदान २४ काडतुसे मावतील अशी पेटी, पाठीवरची पिशवी, सगळे पदरमोड करून आणायचे. स्वतःचे हत्यार आणणारा म्हटल्यावर शिलेदार आठवतो खरा, पण त्याची पगारी चाकरी असे.

आता पोशाख. पायदळातल्या साध्या शिपायाला या कायद्याने गणवेश सांगितलेलाच नाही. त्याआधी १७७५मध्ये लेक्झिंग्टनच्या मैदानावर इंग्रजांसमोर उभे राहिलेले गावकरीही रोजच्याच कपड्यांत होते. घोडदळ आणि तोफखाना मात्र स्वेच्छेने आलेल्यांचा असावा आणि त्यांनी एकसारखा पोशाख स्वखर्चाने करावा, असे त्याच कायद्यात आहे. म्हणजे ‘स्वयंसेवक’ आणि ‘गणवेश’ हे दोन्ही शब्द या तुकड्यांसाठी राखून ठेवावेत. हौशी पायदळी कंपन्याही पुढे आपापले रंग ठरवून मिरवू लागल्या. (न्यू यॉर्कच्या अशाच एका पलटणीने १८२४मध्ये अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात लढलेला फ्रेंच सेनानी लाफायेत याच्या सन्मानार्थ ‘नॅशनल गार्ड’ हे नाव घेतले.) वर्दी म्हटले की सरकारने दिलेले कपडे डोळ्यांपुढे येतात, शिवाय मराठीत वर्दी म्हणजे खबरही. गणवेशात ‘गण’ आहे, म्हणून तोच नेमका.

मी पहिल्यांदा ‘मिलिशिया’च ठेवीन, पुढे ‘नागरिक फौज’ लिहीन, आणि हौशींना ‘स्वयंसेवी पलटण’. राहिला ‘मस्टर डे’, साऱ्या गावाने कवायतीला जमण्याचा दिवस. तो आपल्या कचेरीतल्या सही करायच्या ‘मस्टर’चाच भाऊ! त्याला ‘हजेरीचा दिवस’ म्हणा.