वाढून झाल्यावर भाजी उरतच नाही

"मी इंदूरची, वय ५८. बरीच वर्षं शुगर आहे. डॉक्टर दर वेळी भाज्या-फळं वाढवा म्हणतात. चोइथराम मंडीतून भाजी हे आणतात, पिशवीत निम्मे बटाटे. सगळ्यांना वाढून मी बसते तेव्हा भाजी संपलेली असते, मग शेवेबरोबर पोळी खाऊन उठते. फळं नातवंडांना देते, कारण शेजारच्या काकू म्हणतात शुगरवाल्यांना फळ वर्ज्य. भिशीत जिलबी नको म्हटलं की 'एका तुकड्यानं काय होतंय!' माझाच जिभेवर ताबा नाही का?"

ताई,

जिभेला बोल लावू नका. पातेलं रिकामं झाल्यावर जी जेवायला बसते, तिनं पथ्य पाळायचं तरी कशाच्या जोरावर? पोट पोळीनंच भरणार, आणि जेवणानंतर शुगर चढणार. आजपासून वाढायला घेण्याआधी आपली भाजीची मोठी वाटी भरून बाजूला ठेवा आणि जेवताना आधी तीच खा, मग पोळी. भाजी आधी पोटात गेली की शुगर सावकाश चढते. यात कुणाचा घास काढून घेतला असं वाटून घेऊ नका.

तुमच्यापुरती वेगळी भाजी मात्र करू नका. तिला 'आजीच्या पथ्याची भाजी' असं नाव पडलं, की तुम्ही दमलेल्या दिवशी आधी तीच रद्द होते. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सुचवली, ती निरोगी माणसांसाठी. म्हणजे भरपूर भाजी हे आजाऱ्याचं पथ्य नाही, ती तुमच्या घरी सगळ्यांनाच हवी. बटाटा आणि थंडीत मिळणारा गराडूचा कंद पोळीच्या हिशेबात धरा, भाजीच्या नाही. मेथी-बटाटा करताना मेथी दुप्पट घ्या, बटाटा निम्मा. यजमानांना बटाटा दिसेल, तुमच्या वाटीत मेथी येईल.

काकूंचं म्हणणं चूक आहे. पेरू, पपई बेतानं जरूर खा, फक्त रस काढून पिऊ नका. नातवंडांना द्या, पण फोडी करताना आपल्या दोन आधी खा. महागडं सफरचंदच हवं असंही नाही, हंगामात ठेल्यावर जे स्वस्त मिळेल ते चांगलं.

भिशीत एकदाच स्पष्ट सांगून टाका, "मला शुगर आहे, आग्रह करू नका." देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. त्या खोलीतही तुम्ही एकट्या नसालच, कुणीतरी तुमच्या बोलण्याची वाट बघत असेल. तुमच्याकडे भिशी असेल तेव्हा काकडी-गाजर आणि फळांचं ताट आधी फिरवा.

इन्शुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील, तर पोळ्या कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, नाहीतर शुगर एकदम उतरू शकते. किडनीचा त्रास असेल तर कोणती भाजी, कोणतं फळ, हेही त्यांनाच ठरवू द्या.

आणि पुढच्या तपासणीला यजमानांना बाहेर बाकावर बसवू नका, आत घेऊन जा. मंडीची पिशवी ते भरतात, तर काय आणायचं हे डॉक्टरांनी त्यांनाच सांगू दे.