वाचकांचे प्रश्न : वाट संपल्यावर माथ्यापर्यंत

प्रश्न : आम्ही ११ जण उन्हाळ्यात एका शिखरावर जायचं म्हणतोय. खिंडीपर्यंत ६ किलोमीटर नीट पायवाट आहे, पुढचे २ किलोमीटर वाटच नाही, धारेवरून (डोंगराच्या कण्यावरून) आणि घसाऱ्यातून (सुट्या दगडांच्या उतारावरून) आपलं आपण जायचं. एकूण चढ ९०० मीटर. तिघं पहिल्यांदाच येतायत. ॲप ३ तास दाखवतंय, मग सकाळी ८ ला निघालो तर चालेल ना?

उत्तर : ८ खूप उशीर होतो हो, ५ ला निघा. ते ३ तास चुकीचे नाहीत पण ते तुमचे नाहीत. विल्यम नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक हिशोब मांडला होता, साधारण ५ किलोमीटरला १ तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी १ तास. तुमचे ८ किलोमीटर आणि ९०० मीटर त्यात घातले की ३ तासांच्या थोडं वरच येतं. पण हे एकट्या फिट माणसासाठी, बऱ्या वाटेवर आणि न थांबता! ११ जणांत कुणाची लेस सुटते, कुणाला पाणी हवं असतं, कुणाला फोटो काढायचा असतो आणि प्रत्येक वेळी सगळेच थांबतात, शिवाय वाट नसलेल्या भागात पाऊल कुठं टाकायचं हे बघण्यातच वेळ जातो, म्हणून त्या २ किलोमीटरना निदान दुप्पट वेळ धरा. माझ्या मते वर पोचायला ५ ते साडेपाच तास. ५ ला निघालात तर पायवाटेचा सुरुवातीचा भाग टॉर्चवर होईल आणि बिनवाटेचा सगळा भाग लख्ख उजेडात मिळेल, हे फार महत्त्वाचं आहे.

आणि परत फिरायची वेळ घरीच ठरवा. समजा १२. बाराला माथा समोर दिसत असला, २० मिनिटांवर असला, तरी फिरायचं. वर गेल्यावर या गोष्टीवर चर्चा सुरू झाली की जो सगळ्यात उत्साही असतो तोच जिंकतो, दमलेला माणूस गप्पच बसतो. उन्हाळ्यात जमीन तापून हवा वर चढते आणि डोंगरांवर दुपारी ढग जमतात, गडगडाट कानावर आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते असंच समजायचं. तेव्हा धार सोडून खाली उतरा, एकट्या झाडाखाली थांबू नका, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटं पुन्हा वर जाऊ नका.

घसाऱ्यात एकाच्या बरोबर खाली दुसरा असं चढू नका. वरच्याच्या पायाखालचा दगड खालच्याच्या डोक्यात बसतो. एक तर तिरकं, थोडं पसरून चढा, किंवा अरुंद नाळ (डोंगरातली उभी घळ) असेल तर एकेक करून जा, बाकीचे आडोशाला. दगड सुटला की लाज न बाळगता जोरात ओरडायचं. चढताना अधूनमधून मागे वळून बघा, फोटो काढा, कारण उतरताना तीच जागा ओळखू येत नाही आणि बहुतेकदा चुकीच्या नाळेत शिरणं तिथंच होतं. ट्रॅक रेकॉर्ड करा, नकाशा ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा पण सगळा भरवसा एकाच फोनवर नको. जिथून उतरता येईल अशी खात्री नाही तिथं चढायचंच नाही. नवख्यांना तर हे दहा वेळा सांगा.

प्रश्न : प्रत्येकी २ लिटर पाणी पुरेल का?

उत्तर : नाही. चालण्याच्या प्रत्येक तासाला अर्धा लिटर धरा, म्हणजे जाऊनयेऊन ४ लिटरच्या पुढेच जातं, आणि धारेवर पाणी मिळेल अशी आशा ठेवू नका. नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही, घामातून मीठ जातं, त्यामुळे ओआरएस आणि काहीतरी खारट सोबत हवंच. वर वारा गार लागतो म्हणून ऊन जाणवत नाही पण दर १००० मीटरला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात, टोपी आणि पूर्ण बाह्या ठेवा. कुणी असंबद्ध बोलायला लागलं, तोल जायला लागला तर ते नुसतं दमणं नाही, उष्माघात असू शकतो : लगेच सावली, अंगावर पाणी, वारा, आणि मदतीला फोन.

प्रश्न : एखादा खिंडीतच थकला तर त्याला तिथं बसवून बाकीच्यांनी माथा करून यायचं का?

उत्तर : एकट्याला कधीच नाही, तो स्वतः कितीही "तुम्ही जा" म्हणाला तरी. त्याच्यासोबत दोघं अनुभवी थांबतील किंवा उतरतील, म्हणजे काही झालं तर एक त्याच्याजवळ आणि एक मदतीला. मागे राहणाऱ्यांत अनुभवी कोण हे आदल्या दिवशीच ठरवा, ऐन वेळी कुणालाच माथा सोडवत नाही. तुमच्यात असे दोघं मिळत नसतील तर सगळ्यांनीच खिंडीतून परतायचं. पुढे लीडर, शेवटी एक पक्का माणूस, दोघांकडे शिट्टी. मदतीची खूण म्हणजे मिनिटात ६ शिट्ट्या, मग १ मिनिट थांबून पुन्हा ६, आणि उत्तर ३ शिट्ट्यांचं. हे निघण्याआधी अकराही जणांना पाठ हवं, त्या तिघांना आधी.