गच्चीवरच्या ग्रीनहाऊसमधली पांढरी माशी

प्रश्न (राजेंद्रनगर, इंदूर): गच्चीवर लहानसं ग्रीनहाऊस केलंय. ढोबळी मिरची आणि टोमॅटोवर पांढरी माशी आहे, पानं चिकट होऊन काळी पडतात. तीन दिवस रोज सकाळी अकराच्या सुमारास निंबोळी तेल फवारलं. माशी तशीच, पानं मात्र करपली. रासायनिक औषध नको.

उत्तर: ताई, तेलाची बाटली तूर्त बाजूला ठेवा. उघड्यावर पावसाच्या सरी किडी धुऊन काढतात, ढालकिडे (लेडीबर्ड) त्या खातात. ग्रीनहाऊसमध्ये ना पाऊस येतो, ना मित्रकीटक. ऊब मात्र कायम. तेव्हा ही दोन्ही कामं आपल्यालाच करायची आहेत.

खालची पानं उलटून बघा. मागे पिवळसर, चपटे, खवल्यासारखे ठिपके दिसतील. ती माशीची पिल्लं. जागची हलत नाहीत, रस शोषत बसतात. पानावरचा चिकटा त्यांचाच, आणि त्यावरच काळी बुरशी वाढते. अशी पानं तोडून पिशवीत बांधून टाका, कंपोस्टमध्ये नको. उरलेल्या पानांच्या मागच्या बाजूला पाण्याची जोरदार धार मारा. उडणाऱ्या माशीसाठी झाडाच्या शेंड्याच्या उंचीला पिवळे चिकट सापळे टांगा. पिवळ्या पत्र्याला एरंडेल फासलंत तरी चालतं.

मग निंबोळी तेल. एक लिटर पाण्याला ५ मिली तेल आणि १ मिली पातळ साबण. साबण आधी तेलात घोटा, नाहीतर तेल वर तरंगतं आणि पान भाजतं. फवारणी ऊन उतरल्यावर, पानांच्या मागून, आधी एकाच झाडावर करून बघा. अंडी यातून बऱ्याच अंशी वाचतात, म्हणून आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा करावी लागते. रोज फवारून फक्त झाडाला त्रास.

कुंडीवर मुंग्यांची रांग आहे का, तेही पाहा. चिकट्यासाठी मुंग्या मावा आणि पिठ्या ढेकूण राखतात, त्यांच्या शत्रूंना हुसकावतात. रांग तोडल्याशिवाय बाकीचे उपाय लंगडे पडतात.

युरिया देत असाल तर थांबवा. नत्राने लुसलुशीत झालेली पालवी रसशोषक किडींना फार आवडते. आपल्या कृषी महाविद्यालयाच्या जागी १९२४ पासून अल्बर्ट हॉवर्ड या ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञांनी काम केलं, कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ तिथलीच. झाडाचं पोषण चुकलं की कीड येते, असं ते म्हणत. मला हे थोडं टोकाचं वाटतं, पण युरियाच्या बाबतीत तंतोतंत खरं आहे.

बाहेरून नवी माशी येऊ नये म्हणून खिडक्यांना ४० मेशची (इंचाला ४० छिद्रं) जाळी लावा. मात्र मग मधमाशीही आत येणार नाही. टोमॅटोच्या फुलांना सकाळी टिचकी मारत जा, फळ धरतं.

प्रश्न (लोकमान्य नगर, इंदूर): ढालकिडे विकत आणून सोडावेत का?

उत्तर: काका, आधी घरचे मारणं थांबवू या. ढालकिड्याची अळी काळपट, नारिंगी ठिपक्यांची, इवल्याशा मगरीसारखी असते. ती मावा फस्त करते आणि लोक तिलाच कीड समजून चिरडतात. पानावर बारीक दोऱ्याच्या टोकाशी पांढरी अंडी दिसली तर ती क्रायसोपा या मित्रकीटकाची, राहू द्या. तपकिरी, टम्म फुगलेला मावा दिसला तर त्यात परोपजीवी गांधीलमाशीचं पिल्लू वाढतंय, ते पानही तोडू नका. दाराशी बडीशेप, कोथिंबीर फुलावर येऊ द्या, मित्रकीटक परागासाठी येतात. तेवढ्या वेळापुरतं दार उघडं ठेवा. विकतचे सोडायचेच असतील तर फवारणी बंद ठेवून.

प्रश्न (इंदूर): मे महिन्यात काकडीची पानं ठिपकेदार होऊन वाळतात, बारीक जाळी दिसते.

उत्तर: हा लाल कोळी, माळव्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हमखास येणारा. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा, चालणारे लाल ठिपके दिसतील. वर शेडनेट टाका, सकाळी पानांच्या मागे पाण्याचा फवारा द्या, जमिनीवर पाणी शिंपून हवा दमट ठेवा. जाळी धरलेली पानं ताबडतोब काढा. व्हर्टिसिलियमसारखी, किडीवर वाढून तिला मारणाऱ्या बुरशीपासून केलेली औषधं मे महिन्यात आणू नका. त्यांना दमट हवा लागते, पैसे वाया जातील. ती पावसाळ्यात वापरा.