गच्चीवर मावणारा अ‍ॅक्सिलरेटर

प्रश्न : मी इंदूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. अणुकेंद्रकाच्या अभ्यासासाठी कणांना वेग देणारे अ‍ॅक्सिलरेटर डिझाइन करायचे आहेत. माझा आराखडा : प्रोटॉन, ऊर्जा 1 जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट), त्यांना वर्तुळात वळवणारं चुंबकक्षेत्र 10 टेस्ला. आकडे बरोबर निवडलेत का? बाबा म्हणतात, बी.एड. करून मोकळी हो. (रामबागेतली विद्यार्थिनी)

उत्तर : गणित चोख आहे तुझं. संवेग 1.7 च्या आसपास, त्याला 0.3 गुणिले 10 ने भागलं की त्रिज्या 57 सेंटिमीटर. समासात लिहिलंयस, ‘गच्चीवर मावेल!’ वाचून हसू आलं, पण मावणार नाही गं.

लोखंडी गाभ्याचा चुंबक 2 टेस्लाच्या आसपास संपृक्त होतो. पुढे कितीही करंट ओत, हाती फारसं लागत नाही. मग विनारोध वीज वाहणारी अतिवाहक वेटोळी आली, ती थंड ठेवायला द्रव हेलियम आलं. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेच्या एलएचसी या महायंत्रातले चुंबक 8.33 टेस्लाचे, 1.9 केल्विनवर ठेवलेले. गच्ची त्या हेलियमच्या सरंजामातच संपेल.

आता आपल्या सुखनिवासकडचं, आरआरकॅट या संशोधन केंद्राचं इंडस-2 घे. ते प्रकाशासाठी बांधलेलं इलेक्ट्रॉनचं यंत्र, पण सूत्र तुझंच. वळवणारे चुंबक 1.5 टेस्लाचे, वळणाची त्रिज्या 5.55 मीटर. 0.3 × 1.5 × 5.55 कर. 2.5 जीईव्ही, जमलं. पण त्या त्रिज्येचं वर्तुळ भरतं 35 मीटर आणि यंत्राचा घेर आहे 172. उरलेले 137 मीटर कुठे गेले? कणांचा पुंज विस्कटू नये म्हणून लावलेले चार ध्रुवांचे चतुर्ध्रुवी चुंबक, रेडिओ लहरींनी ऊर्जा देणारी आरएफ कॅव्हिटी, पुंज आत सोडायची जागा. तुझ्या कागदावर यांना वीतभरही जागा नाही. शिवाय वळताना इलेक्ट्रॉन दर फेरीला सुमारे 620 केईव्ही (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट) प्रकाशात घालवतो, ते आरएफने भरून द्यायचे. त्रिज्या तीच ठेवून ऊर्जा दुप्पट केलीस तर हा तोटा सोळापट. प्रोटॉनला ही कटकट जवळजवळ नाही, म्हणून कण बदलला की अख्खा कागद बदलतो.

आणि 1 जीईव्हीच का? हे तू कुठेच लिहिलं नाहीस. दोन केंद्रकांमधला विद्युत अडसर ओलांडायला दर न्यूक्लिऑनमागे (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनमागे) 5 एमईव्हीच्या (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या) आसपास पुरतात. मुंबईचं पेलेट्रॉन, कोलकात्याचा सायक्लोट्रॉन हे अ‍ॅक्सिलरेटर त्याच कामाचे. 1 जीईव्हीचे प्रोटॉन लागतात जड धातूवर आपटून न्यूट्रॉन काढायला. अमेरिकेत ओक रिजला त्यासाठी लिनॅक, म्हणजे सरळ रेषेतला अ‍ॅक्सिलरेटर, आहे.

बाबांना सांग, बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येतं. एम.एस्सी. झाली की भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ट्रेनिंग स्कूलचा वर्षभराचा कोर्स बघ. त्यात विद्यावेतन मिळतं, हे बाबांना आधी सांग. पीएच.डी.कडे जायचं तर जेस्ट ही प्रवेश परीक्षा दे. माणसं या क्षेत्रात शिरतात ती चुंबक, आरएफ, व्हॅक्यूम, कंट्रोल अशा एखाद्या दाराने. तुझा हात गणितात चालतो, तेव्हा तू बीम डायनॅमिक्स, म्हणजे पुंजाच्या हालचालीचं गणित, धर.

सुट्टीत एवढंच कर : एक एकवटणारा चतुर्ध्रुव, मोकळी जागा, एक पसरवणारा, पुन्हा मोकळी जागा. प्रत्येकाचं 2×2 मॅट्रिक्स मांड, पायथनमध्ये सगळ्यांचा गुणाकार कर आणि उत्तराच्या कर्णावरच्या आकड्यांची बेरीज −2 ते 2 च्या आत राहते का बघ. बाहेर गेली की पुंज भिंतीवर. जमलं की नवा कागद पाठव, आणि या वेळी पहिल्या ओळीत पुंज कशासाठी हवाय ते लिही.